उंदरांवरचं संशोधन

आमगावातल्या माझ्या शेजाऱ्याला वैद्यकीय शोधनिबंधांची वेबसाइट मीच दाखवली. माझा शहाणपणा मलाच नडला. तेव्हापासून तो कुंपणापलीकडून ओरडतो, "भाऊ, रिसर्च वाचून राहिलो!" वाचतो फक्त शेवटची ओळ.

काल सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या माझ्या पोरीसमोरच म्हणाला, "कायले देता हिले गोळ्या? झाडपाल्याच्या रसानं बरं होते. छापून आलं आहे."

पोरीनं हातातली गोळी खाली ठेवली. माझं डोकंच फिरलं. त्याचा मोबाइल हिसकावून मी अख्खा निबंध वर-खाली केला. "अरे, हा प्रयोग उंदरांवरचा आहे!"

"सुरुवात तं तेथूनच होते ना, भाऊ," म्हणत त्यानं खिशातून स्वतःची बीपीची गोळी काढली आणि पोरीच्याच पेल्यातल्या पाण्यानं गिळली.

पोरीनं पेला ओढून घेतला आणि त्याच्याकडे रोखून बघत आपली गोळी गिळली.