अप्पांसमोर उचललेलं लेकरू

देवणीच्या बाजारात लोक मला हाताला धरून नेतात, वासरू दाखवायला. दहा पावलांवरून मला त्याची कूस, बरगड्यांखालची बाजू, श्वासागणिक उडताना दिसते. मी म्हणतो, घेऊ नका, ह्याच्या छातीत खोट आहे. चार वेळा असं बरोबर निघालं की माणूस फुगतो, तसा मीही लई फुगलो होतो. आणि माझ्या लेकीची कूस माझ्याच घरात महिनाभर उडत होती, ती मला दिसली न्हाई. लोकाचं बघायचं वाकून अन् आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण माझ्यावरूनच केली असावी.

लेक नांदेडला जन्मली, तिच्या आजोळी. तीन महिन्यांची झाल्यावर बायको तिला घेऊन घरी आली, तेव्हा पौषाची थंडी होती. लेकरू टोपडं, झबलं, वरून दोन दुपटी अशा गाठोड्यात. ते गाठोडं माझ्या आईच्या मांडीवरून तिच्या आत्याच्या मांडीवर जायचं, माझ्याकडं यायचं न्हाई. आमच्याकडं बापानं वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं न्हाई. भावाचं उचला, शेजाऱ्याचं उचला, स्वतःचं उचललं तर निलाजरा म्हणतात. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला कधी उचललं न्हाई अन् मी त्यांच्यासमोर लेकीला उचललं न्हाई. अप्पा तर दिवसभर ओसरीवरच बसलेले. मी आतबाहेर करताना मान वळवून टोपड्यातलं तोंड बघायचो, तेवढंच.

घरात सगळे म्हणायचे, लई गुणाचं लेकरू हाय, रडत सुद्धा न्हाई. आल्यागेल्याला आई कौतुकानं सांगायची. मलाही बरं वाटायचं, का खोटं बोलू? रडायला तिच्या अंगात दम नव्हता, हे आम्हाला काय ठाऊक.

बायकोनं मला दोनदा सांगितलं, पिताना तिच्या कपाळाला घाम येतो, दोन घोट घेते अन् सोडून देते. थंडीत घाम म्हटल्यावर मला तिथंच उठायला पाहिजे होतं. मी उलट तिच्यावरच डाफरलो, एवढे कपडे कोंबल्यावर घाम येणारच की. आईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. लेकरू बाळसं धरीना.

शेवटी लस द्यायला आलेल्या नर्सताईनं झबलं वर केलं, बराच वेळ छातीकडं बघितलं अन् उदगीरला जा म्हणाली. उदगीरच्या डॉक्टरांनी नळी लावली आणि लगेच लातूरला धाडलं. एसटीत बायको खिडकीकडं तोंड करून रडत होती. मी लेकीला घेतो म्हणालो न्हाई. बसमध्ये अप्पा नव्हते, पण सवय होती.

लातूरला हृदयाची सोनोग्राफी करायची होती. तिथल्या माणसानं लेकरू टेबलावर ठेवायला सांगितलं तर बायकोनं ते उराशी आवळून धरलं, सोडीना. तो मला म्हणाला, तुम्ही धरा. तेव्हा मी माझ्या लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं. ती एवढी हलकी होती की मी भ्यालो. झबलं काढलं. बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती, आजारी वासराची जाते तशीच. मी छातीवर तळवा ठेवला. आत नुसतं धडधडत नव्हतं, थरथरत होतं, पिणाऱ्या वासराच्या गळ्याला हात लावल्यावर लागतं तसं. मला तिथंच सगळं कळलं. डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून दाखवलं, हृदयाच्या मधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे.

डॉक्टर बाई माणूस होत्या, आवाज न चढवता विचारायच्या.

"श्वास असा कधीपासून आहे?"

बायको माझ्याकडं बघायला लागली.

"मला माहीत न्हाई," मी म्हणालो.

"तुम्ही काय करता?"

"जनावरं बघतो."

त्यांनी मान खाली घालून लेकीचं वजन लिहून घेतलं. मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ऑपरेशन करावं लागेल, पण लेकरू फार अशक्त आहे, आधी थोडं वजन वाढू द्या, असं त्यांनी समजावलं. औषधं दिली. छातीत कफ होऊ देऊ नका, श्वास मोजत राहा, वाढला तर तसेच निघून या.

घरी आलो. ओसरीवर अप्पा होते. मी त्यांच्यादेखत लेकीला घेऊन खांबाला टेकून बसलो, झबलं वर केलं अन् श्वास मोजायला लागलो. आई दारात थबकली. अप्पांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मग म्हणाले, "धर. माझ्याकडं बघू नको."

त्यानंतर सतरा दिवस ती माझ्याजवळच होती. बाजार सोडला, कुणाचं वासरू बघायला गेलो न्हाई. बायको वाटीत दूध काढून द्यायची, मी चमच्यानं थेंब थेंब पाजायचो. ती माझ्या बोटाला धरायची. एकदा हसली, अप्पांनीही बघितलं. वजन पावशेर वाढलं तेव्हा वाटलं, आता ऑपरेशनपर्यंत पोचतो आपण. मग कफ झाला. श्वास मोजण्यात मी एकदाही चुकलो न्हाई, श्वास वाढल्यावर तासाभरात जीप करून लातूरला निघालो. दवाखान्यात ती दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. सगळे म्हणतात, आधी कळलं असतं तरी सांगता येत न्हाई. म्हणोत. तो महिना मला कुणी परत देत न्हाई.

आमच्याकडं एवढ्या लहान लेकराला तिरडी नसते. बापानं हातावर न्यायचं असतं. वेशीपासून आमच्या मळ्यापर्यंत, जिथं पुरायचं होतं तिथवर, मी तिला घेऊन चाललो. बाजूला अप्पा अनवाणी चालत होते, सगळं गाव बघत होतं. मला कुणीही निलाजरा म्हणालं न्हाई. मळा जवळ आला तेव्हा मी चालता चालता दुपटं बाजूला केलं अन् तिच्या कुशीकडं बघितलं.