काटा शून्यावर

ओहमचा नियम इतका साधा आहे की त्याच्या जोरावर कुणाचा सूड घेता येईल असं वाटत नाही. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, संपलं. पण मी घेतला, आणि मला त्याचं आजही काडीचं वाईट वाटत नाही.

मी चंद्रपूरहून पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आले तेव्हा सगळं शहर कॉम्प्युटरच्या मागे लागलं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीवरच्या मुली कॉलेज उरकून संध्याकाळी प्रोग्रॅमिंगच्या क्लासला पळायच्या. उद्या सॉफ्टवेअरमध्येच जायचं, तर मीटरच्या काट्याकडे बघत कोण बसणार? त्यामुळे लॅबमध्ये एक रीतच पडली होती. मागच्या बॅचची रीडिंग्ज सगळ्यांना पाठ असायची. एक व्होल्टला बारा मिलिअँपिअर, दोनला चोवीस. प्रयोगाचा बोर्ड मीटरना जोडायचा, बटण दाबायचं आणि पाठ केलेलं उतरवायचं. आलेख सरळसोट यायचा, लॅबचे सर खूश.

मी मात्र काट्याकडे बघितलं. माझी रेषा शेवटी जराशी वाकली.

"ही वाकडी कशी?" सरांनी विचारलं.

"बोर्डावरची तार गरम होऊन राहिली सर, म्हणून तिचा विरोध वाढला."

"होऊन राहिली? चंद्रपूरला ओहमचा नियमही वेगळा दिसतोय. अहो, मग आपण तिथेच का नाही शिकलात?"

अख्खी बॅच हसली. सरांनी टर्मवर्कवरची सही अडवली. सही नाही तर परीक्षा नाही, आणि वर्ष गेलं की वडील मला घरी नेऊन लग्न लावणार, हे ठरलेलं होतं. शेवटी मी मुकाट्याने बारा आणि चोवीस लिहिलं. वर 'मला मीटर वाचता येत नाही' असं सरांनी माझ्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. मग सही मिळाली. रोज सगळे बोर्ड मांडून ठेवायची शिक्षाही मिळाली. मी ती केली, पण डोकं तापलेलंच होतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्या सकाळी मांडणी करताना मी प्रत्येक बोर्ड उलटा केला आणि खालची एक तार कापली. प्रवाहाला पूर्ण फेरा लागतो. तो एका जागी तुटला की प्रवाह बंद. दाब मात्र तुटलेल्या टोकापर्यंत येऊन थांबतो. म्हणजे बोर्ड चालू असल्याचा दिवा लागणार, व्होल्टमीटर हलणार, आणि प्रवाह मोजणारा काटा मेल्यासारखा शून्यावर.

परीक्षा सुरू झाली. एकालाही शंका आली नाही. सगळ्यांच्या पेन्सिली भराभर चालल्या होत्या. परीक्षक एका टेबलापाशी थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि त्यांनी सरांना बोलावलं.

"एक व्होल्टला किती दिसतंय हो?"

सरांनी वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. "बारा. बरोबर आहे, सर."

"आपण एकदा बघून सांगाल का?"

सरांनी बघितलं. आधी काट्याकडे, मग शेजारच्या टेबलावरच्या काट्याकडे, मग सरळ माझ्याकडे. मी केलंय हे त्यांना कळलं होतं. पण बोलणार काय? बोर्ड बिघडवले म्हणावं, तर मग बारा कुठून आले? परीक्षकांनी माझ्याही कागदावर नजर टाकली. तिथे एकाखाली एक शून्यं होती. ते म्हणाले, "चला, एक तरी मीटर वाचणारं सापडलं. सोल्डरिंग येतं का तुम्हाला? मग दुरुस्त करा, सगळ्यांची परीक्षा पुन्हा होईल. सर धरतील बोर्ड."

सरांनी दोन्ही हातांनी बोर्ड उलटा धरला. बॅच भिंतीलगत उभी होती. सांधा लगेच बसतो, पण मी सोल्डरिंगची कांडी पुसली, फुंकर मारली, पुन्हा तापू दिली. सरांनी बोर्डावरची पकड बदलली.

"हलवू नका, सर," मी म्हटलं, आणि पुढच्या बोर्डाला त्याहून जास्त वेळ लावला.