रूपाच्या पडद्यावरचा लठ्ठ मोर

रूपा खरातच्या नजरेवर पुंडलिकनगरातल्या बायकांचा टेपपेक्षा जास्त भरवसा. ब्लाऊज शिवायला आलेली बाई दारातून आत येतायेताच रूपा म्हणायची, "डावा खांदा जरा उतरता आहे तुमचा, तिथं अर्धं बोट सोडावं लागंल." मग टेप लावायची, ते आपलं बाईच्या समाधानासाठी. कापडावर खडूनं गोल काढायला तिला कधी वाटी लागली नाही की बांगडी. हात फिरवला की गोल. या नजरेचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

लग्न होऊन बदनापूरकडून शहरात आली तेव्हा तिच्यासोबत पायानं चालवायचं मशीन होतं. आधी फॉल-पिको, मग ब्लाऊज, मग ब्लाऊजवरचं भरतकाम, असं करत करत तिनं पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन बसवलं. नवरा राजेंद्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. मशीन आलं त्या दिवशी त्यानंच खाली पट्ट्या सरकवून ते समतल केलं आणि मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मशीन चालवणं सोपं होतं. अवघड होतं ते पंचिंग. म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि सुई कुठं शिरेल, कुठं वळेल, कुठला रंग आधी येईल, हे टाका न् टाका मशीनला शिकवायचं. रूपा ते लॅपटॉपवर करायची. चाळिशीत चष्मा लागला, तसे त्या एवढ्याशा पडद्यावरचे टाके तिला एकमेकांत मिसळलेले दिसायला लागले. मान पुढं काढून काढून दुखायची.

"मोठा पडदा घेऊन टाक," राजेंद्र म्हणाला. "शहागंजात साहेबरावकडं जुने मिळतात चांगले."

साहेबरावचं दुकान म्हणजे एका बोळात वायरी आणि जुन्या कॉम्प्युटरांच्या ढिगामागं बसलेला साहेबराव. त्यानं एक रुंद मॉनिटर पुसून पुढ्यात ठेवला, चालू करून दाखवला आणि म्हणाला, "ताई, एका बंद पडलेल्या हापिसातला माल आहे. एकदम मख्खन." मॉनिटरची केबल जुन्या पद्धतीची, पिनांची, आणि लॅपटॉपचं भोक नवीन पद्धतीचं. म्हणून मधे जोडायला त्यानं एक छोटा कन्व्हर्टरही दिला.

घरी आल्यावर जोडाजोडी राजेंद्रनं अंगावर घेतली. टेबल भिंतीला टेकलेलं, त्यामुळं मॉनिटरच्या मागं हात घालून अंदाजानंच केबल लावायची होती. ती काही जाईना.

"उलटी धरलीय का बघा," रूपा म्हणाली.

"फिटर माणसाला सांगती का," असं म्हणून त्यानं केबल थोडी फिरवली, अंगठ्यानं जोर दिला आणि ती गेली. पडदा उजळला. रूपाला इतका आनंद झाला की तिनं आधी शेजारच्या बाईला हाक मारली.

मोठ्या पडद्यावर तिनं सगळ्यात आधी राजेंद्रचा फोटो उघडला, लेणीच्या पायऱ्यांवर पांढऱ्या शर्टात उभा असलेला. रूपानं तो मान तिरपी करून पाहिला.

"अहो, तुम्ही सुटलात की."

राजेंद्रनंही पाहिला. दुसऱ्या दिवशी चहात साखर नको म्हणाला आणि कामावर जाण्याआधी लवकर उठून चालायला जाऊ लागला. रूपाला अक्षरंही जरा पसरल्यासारखी, धुरकट वाटत होती, पण तिला वाटलं, मोठ्या पडद्यावर सगळं मोठंच दिसणार. नव्या चपलेसारखी नजरही सवयीनं बसेल.

अशात आवडाबाई आल्या. मूळच्या करमाडकडच्या शेतकरी घरातल्या. आता मुलाजवळ चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत राहायच्या. नात सोनियाचं लग्न ठरलं होतं, तीही सोबत होती. आवडाबाईंनी पिशवीतून घडी केलेला एक ताटावरचा रुमाल काढला. पिवळा पडलेला, पण त्यावर निळ्या-हिरव्या दोऱ्यानं भरलेला मोर अजून तजेलदार होता. भोवती गोल बुट्ट्या.

"माझ्या लग्नाच्या आधी भरलाय म्या," त्या म्हणाल्या. "ह्योच मोर पायजे सोनियाच्या पोलक्याच्या पाठीवर. दुसरा कंचा बी नगं."

"आजी, असाच्या असा काढून देते," रूपा म्हणाली.

तिनं मोबाइलवर रुमालाचा फोटो काढला, रुमाल आवडाबाईंनी लगेच घडी करून पिशवीत ठेवला, आणि त्या गेल्या. रूपानं फोटो मोठ्या पडद्यावर घेतला, तर मोर खुडूक कोंबडीसारखा फुगून बसलेला. बुट्ट्या आडव्या पसरलेल्या. फोटो तिरपा आला असेल असं तिला वाटलं. मग तिनं नजरेनं सगळं सुधारलं. मोर दोन्ही बाजूंनी आत घेतला, बुट्ट्या गोल दिसेपर्यंत दाबल्या, मान डौलदार केली. पडद्यावर आता कसा देखणा मोर उभा राहिला. टाके पाडून झाले, आणि तिनं एका जुन्या कापडाच्या तुकड्यावर नमुना काढायला मशीन लावलं.

मशीन थांबलं तेव्हा कापडावर मोर नव्हता, बगळा होता. लांबोडका, पोट खपाटीला गेलेला. बुट्ट्या गव्हाच्या दाण्यासारख्या उभट.

रूपानं आधी मशीनला दोष दिला. कापड फ्रेममध्ये सैल असेल म्हणून घट्ट ताणून बसवलं. पुन्हा बगळा. कापडाखालचा कागद बदलला, धाग्याचा ताण कमी-जास्त केला. बगळाच. संध्याकाळी राजेंद्रनं मशीनला तेलपाणी केलं, सगळे स्क्रू तपासले आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

आणि नेमक्या दुसऱ्या दिवशी आवडाबाई सोनियाला घेऊन नमुना बघायला आल्या. टेबलावर तिन्ही बगळे मांडलेले. लपवायला वेळच मिळाला नाही. आवडाबाईंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"ह्यो दुष्काळातला मोर दिसतोय गं," त्या म्हणाल्या.

सोनियानं ओढणी तोंडाला लावली. रूपाचे कान तापले. "आजी, थोडा वेळ द्या मला. काहीतरी गफलत होतीय."

"घे की. लग्नाला हाये अजून अवकाश. पर त्याला जरा खायाला घाल."

त्या गेल्या आणि रूपा मटकन स्टुलावर बसली. आजवर गिऱ्हाईक तिच्या कामाला हसलं नव्हतं. मशीन ठीक, धागा ठीक, कापड ठीक; मग उरली ती नजर. चष्म्याचा नंबर वाढला असेल. नाहीतर नजरच गेली असेल, जिच्यावर एवढी वर्षं पोट भरलं ती. मग उठून तिनं खडू घेतला, कापडावर हात फिरवून गोल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा गोल टेपनं मोजला. उभा जेवढा, तेवढाच आडवा.

नजर जागेवर होती. मग तिनं कॉम्प्युटरवर एक नवा गोल घेतला. नजरेनं नव्हे, आकडे घालून. रुंदी आणि उंची अगदी सारखी. पडद्यावर आला तो आडवा, कोंबडीच्या अंड्यासारखा. तिनं टेप थेट काचेवर धरला. आकडे म्हणत होते गोल, टेप म्हणत होता अंडं. शेवटी तिनं तो गोल माउसनं ओढून मोठ्या पडद्यावरून शेजारच्या लॅपटॉपवर नेला. कडेवरून पलीकडं जाताच गोल कसा गरगरीत गोल झाला. परत आणला, अंडं. पुन्हा नेला, गोल. चारदा हा खेळ करून तिला एकटीलाच हसू फुटलं.

मशीन सगळा वेळ खरं बोलत होतं. मोठा पडदा सगळ्यांना फुगवून दाखवत होता. पडद्यावर गोल दिसावं म्हणून तिनं जे आत दाबलं, ते कापडावर खरोखरच बारीक झालं होतं.

राजेंद्र कामावरून आला तेव्हा तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचा लेणीवरचा फोटो आधी मॉनिटरवर, मग लॅपटॉपवर दाखवला. राजेंद्र दोन्हीकडं बघत राहिला.

"म्हणजे मी सुटलो नव्हतो?"

"होतात तसेच आहात."

"आणि मी एवढा फिका चहा प्यायलो," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यानं साखरेचा डबा काढला.

रोग कळला, पण औषध सापडेना. रूपानं साहेबरावला फोन लावला. तो पलीकडून सांगत गेला आणि ती करत गेली. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा, रिझोल्यूशन लिहिलंय ती यादी उघड.

"ताई, त्यात एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी असंल बघ. तुझ्या मॉनिटरचं खरं माप ते आहे."

"नाही ना भाऊ. एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टला यादीच संपतीय."

"वो तो पुराने चौकोनी डब्ब्याचं माप झालं," साहेबराव म्हणाला. "चौकोनी चित्र रुंद काचेवर ताणून बसवलंय त्यानं. म्हणून सगळे जाडे."

त्यानं लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम, नवा टाकायला सांगितला. ते होईस्तोवर रूपानं भाकरी करून घेतल्या. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांतून त्याचं सेटिंगही पहिल्यासारखं करून झालं. यादी काही लांबेना.

"घेऊनच या सगळं," साहेबराव शेवटी म्हणाला. "वायरीसकट."

रविवारी सकाळी दोघं निघाले. राजेंद्र स्कूटर चालवतोय, मागं रूपा, आणि दोघांच्या मधे गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई बाळ समजून वाकून बघायला लागली, तेव्हा रूपानं गोधडीचं टोक बाजूला करून तिला काच दाखवली.

दुकानात साहेबरावनं रूपाचाच लॅपटॉप, तोच मॉनिटर, तोच कन्व्हर्टर घेतला. फक्त केबल स्वतःची लावली. यादी उघडली तर एकोणीसशे वीस सगळ्यात वर. ते निवडून फोटो उघडला, तर राजेंद्र लेणीच्या पायऱ्यांवर बारीक झालेला.

"केबलमध्येच घोळ आहे," म्हणत साहेबरावनं त्यांची केबल दिव्याखाली धरली. रूपानं चष्मा वर सरकवून टोकात पाहिलं. बारीक बारीक पिनांच्या तीन ओळी. त्यातली एक पिन मान मोडल्यासारखी आडवी झोपलेली.

"ही बघा," ती म्हणाली.

"हीच," साहेबराव म्हणाला. "बाकीच्या पिनांतून चित्र जातं, म्हणून पडदा चालू. पण मी कोण, माझं माप काय, हे मॉनिटर लॅपटॉपला सांगतो ते ह्या पिनेतून. ती दबली. लॅपटॉपला वाटलं, कोण आलंय काय माहीत, म्हणून त्यानं आपलं जुनं-पुराणं माप देऊन टाकलं." मग त्यानं डोळे बारीक केले. "पण ही अशी झोपली कशी?"

राजेंद्र दुकानाच्या पाटीकडं बघत होता. "लावताना जरा दाबली होती मी," तो म्हणाला.

"भाई, इसमें ताकत नहीं लगती," साहेबराव म्हणाला आणि तिघंही हसले.

तो दुसरी केबल देत होता, पण रूपाच्या पर्समध्ये धागे वेचायचा चिमटा होता. तुटली तर दुसरी आहेच म्हणत तिनं पिन हळूहळू उभी केली. लावून बघितलं. यादी पूर्ण आली. तरी साहेबरावनं एक केबल गोधडीत घातलीच. "भाऊंच्या अंगठ्यासाठी," म्हणाला.

घरी या वेळी टेबल भिंतीपासून ओढलं, आणि केबल रूपानं लावली. गोल गोल दिसला. पण आता अक्षरं मुंगीएवढी झाली होती. जिच्यासाठी मोठा पडदा घेतला तिलाच काही वाचता येईना. तिचा चेहरा पडला, तसं राजेंद्र म्हणाला, "त्याच पानावर खाली बघ, अक्षरं मोठी करायचंय काहीतरी." होतं. शंभर टक्क्यांचे सव्वाशे केले, मग दीडशे. माप तेच राहिलं आणि अक्षरं वाचण्याजोगी झाली. इतक्या दिवसांचा धुरकटपणाही गेला होता. टाके असे दिसत होते की बोटानं उचलावेत.

आता तिनं आवडाबाईंच्या रुमालाचा मूळ फोटो, काहीही न दाबता, पुन्हा उघडला. मोर आता खुडूक कोंबडी राहिला नव्हता, पण सडपातळही नव्हता. पोट जरा गोलच, मान आखूड, पाय तर अगदीच घरगुती. रूपानं सवयीनं माउस त्याच्या पोटापाशी नेला आणि थांबली. मग तिनं सोनियाला फोन केला. "आजीचा रुमाल घेऊन ये, मला मोजायचाय."

रुमालासोबत आवडाबाईही आल्या. रूपानं टेप लावला, पडद्यावर लावला, रुमालावर लावला. दोन्हीकडं मोर तेवढाच भरलेला.

"आजी, खरं सांगू का, तुमचा मोर मुळातच अंगानं भरलेला आहे."

"व्हय की," आवडाबाई निवांत म्हणाल्या. "मोर जवळून कुठं बघितला व्हता म्या? अंगणात कोंबड्या व्हत्या. त्यांच्याकडं बघून भरला अन् वरून पिसारा लावला. सासूबाई लई हसल्या व्हत्या."

"मग बारीक करू का थोडा?"

"नाय नाय. त्याला तसाच राहू दे."

रूपानं तसाच ठेवला. आखूड मान, घरगुती पाय, सगळं टाक्या-टाक्यानं जसंच्या तसं. मशीन चालू झालं तेव्हा आवडाबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि सुई पोटाकडून पिसाऱ्याकडं जाईपर्यंत उठल्या नाहीत.

लग्नाला रूपा आणि राजेंद्र दोघंही गेले. जेवणाच्या मांडवात आवडाबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला सोनियापाशी नेत होत्या आणि नातीला खांद्याला धरून पाठमोरी फिरवत होत्या. तोंड बघायला आलेल्या पाहुण्या आधी पाठ बघत होत्या. नवरदेव बिचारा एका बाजूला उभा. कुणीतरी विचारलं, "कुणी काढला हो हा मोर?"

"म्या," आवडाबाई म्हणाल्या, आणि मग गर्दीतून रूपाला शोधून हात करत म्हणाल्या, "अन् तिनं."