एका माणसाची पंगत

आमच्या साडूंच्या हातचं जेवला नाही असा माणूस बीड जिल्ह्यात सापडला, तर तो कालपरवा बदली होऊन आलेला असणार, नाहीतर त्यांच्या स्वतःच्या घरातला असणार. यात अतिशयोक्ती असलीच तर ती पहिल्या भागात आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. राहायला चौसाळ्याला, थोडी शेती आहे, पण त्यांचा खरा मुक्काम दुसऱ्याच्या मांडवात. कड्यापासून चकलांब्यापर्यंत कुठं सप्ताह बसला, लग्न निघालं, की चर खणून पेटवलेल्या चुलवणापाशी खांद्यावर पंचा टाकून उभा असलेला माणूस म्हणजे आमचे साडू. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, तिखटजाळ आमटी करावी तर त्यांनीच. हजार पानांना एक मूठ कमी नाही की एक वाटी उरली नाही, असा त्यांचा अंदाज. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून ते येणाऱ्या माणसांकडं एकदा बघतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "साडेआठशे हायेत. धा पायल्या काडा." मी भूगोल शिकवतो. मला वर्गातली चाळीस पोरं दोनदा मोजल्याशिवाय हजेरी पुरी करता येत नाही, त्यामुळं या गोष्टीचं मला फार अप्रूप आहे.

त्यांच्या स्वयंपाकाचे काही नियम आहेत आणि ते मोडलेले मी गेल्या वर्षापर्यंत पाहिले नव्हते. पहिला म्हणजे ते चव घेत नाहीत. देवाला नैवेद्य जायच्या आधी चाखलं तर उष्टं होतं, म्हणून आमटीला मीठ लागलंय का हे ते कानानं ओळखतात. कढईशी वाकतात, रटरट ऐकतात आणि "आजून अर्धी मूठ" असं सांगतात. दुसरा म्हणजे चुलवण पेटल्यावर पहिला घास जाळाला. तिसरा म्हणजे शेवटची पंगत उठेपर्यंत ते बसत नाहीत. पंगतीच्या शेपटाशी जो कुणी म्हातारा बसलेला असेल त्याच्यापुढं जाऊन कमरेवर हात ठेवतात आणि विचारतात, "पुरलं का?" तो हो म्हणाला की यांचा दिवस संपला. मग लोक आग्रह करतात, पण धुरानं यांची भूक मेलेली असते. घरी येऊन ते अक्काच्या हातची अर्धी भाकरी दुधात कुस्करून खातात. हे बत्तीस वर्षं चाललेलं आहे. अक्का त्यांच्या पंगतीला कधी गेली नाही, कारण त्या दिवशी घरची म्हैस, शेरडं आणि सासूबाई कुणीतरी बघायला हवीत.

आणि घरात? घरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे त्यांना ठाऊक नाही. एकदा ते आमच्याकडं बीडला आले तेव्हा बायको बाहेर गेली होती. मी सहज म्हणालो, साडूभाऊ, तुम्ही तरबेज माणूस, चहा टाका. त्यांनी विचारलं, किती मानसं? मी म्हणालो, दोघं. ते गॅससमोर बराच वेळ उभे राहिले. शेवटी पडेल आवाजात म्हणाले, "मास्तर, दोघांचा अंदाज येत न्हाई. पन्नास सांगा, आत्ता करतो." त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या चौदा घरांनी चहा घेतला आणि आमच्यावर काय आनंदाचा प्रसंग ओढवला आहे ते विचारलं.

तर अशा माणसाच्या गळ्यात गेल्या वर्षी एका माणसाचा स्वयंपाक पडला.

अक्काच्या गालात आतून गाठ आली होती. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण तोंड आतून सोललेलं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर तिखट बंद, चावायचं बंद, गुळगुळीत, कोमट आणि साय-लोणी घालून अंगी लागेल असं द्या, आणि वजन आणखी उतरलं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की अक्का डोळे मिटून घ्यायची. त्यांची मुलगी पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिली, मग तिची रजा संपली. जाताना तिनं एक स्लो कुकर मागवला आणि तो माझ्या पत्त्यावर आला. फोनवर ती मला म्हणाली, "काका, भाज्या चिरून टाकायच्या, सात तास ठेवायचं, घोटायचं, क्रीम घालायची, झालं सूप. बाबांना तेवढं समजावून द्या." मी "समजलं" म्हणालो. मला आयुष्यात ज्या ज्या गोष्टी समजल्या नाहीत त्या सगळ्यांना मी असंच म्हणत आलो आहे.

कुकर घेऊन चौसाळ्याला पोचलो तर ओट्यावर दगडूनाना आधीच बसलेले. दगडूनाना म्हणजे साडूंचे चुलवणातले सोबती, साठीचे गृहस्थ, यांचं काम फक्त जाळ घालणं. साडू स्वयंपाक करणार हे कळल्यावर ते सवयीनं हजर झाले होते, सोबत बाभळीचं एक ओझं घेऊन. मी खोक्यातून काळं चकचकीत भांडं काढलं, वायर लावली, बटण फिरवलं. तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो. काहीच झालं नाही.

"जाळ कुठं घालू बे?" नानांनी विचारलं.

"जाळ न्हाई याला," साडू म्हणाले.

"मंग शिजल कशानं?"

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मी माहितीपुस्तकाकडं बघितलं. त्यात एक बाई भांड्याकडं पाठ करून हसत उभी होती, एवढंच मला समजलं.

भाज्या त्यांनी सकाळीच आणल्या होत्या. चार दुधी, एक अख्खा लाल भोपळा, गाजरांची गोणी आणि बटाट्याचं अर्धं पोतं. भांड्यात मावलं ते दुधीचं एक टोक, तीन गाजरं, दोन बटाटे. उरलेल्या ढिगाकडं ते, पाहुणे न आलेल्या मांडवाकडं बघावं तसं बघत होते. मग नारळ फोडला, कुकरला हळदीकुंकू लावलं आणि पहिला घास जाळाला द्यायचा म्हणून गाजराची फोड हातात घेऊन ते त्या भांड्याभोवती दोनदा फिरले. जाळ सापडेना. शेवटी ती फोड त्यांनी दगडूनानांना दिली आणि नानांनी ती, मानाची असल्यासारखी, खाल्ली.

त्यानंतर जे झालं त्याचा दोष मी माझ्याकडं घेतो. झाकण उघडायचं नाही हे मी सांगायला हवं होतं, पण मीच पहिल्यांदा उघडलं. साडू दर दहा मिनिटांनी कान लावायचे. रटरट नाही, बुडबुड नाही. ज्याला मिठाचा अंदाज कानानं येतो त्याला मुकं भांडं दिलेलं. ऐकू येत नाही म्हणून झाकण काढायचं, वाफ जायची, पुन्हा झाकायचं. "लागलंय का बगा", "फिरवा जरा", "बटन उलटं तर न्हाई ना", असं तिघं मिळून संध्याकाळपर्यंत चाललं. नाना मधूनच भांड्याच्या बुडाला हात लावून "कोमट हाय, तापलेल्या पोराच्या अंगावानी" म्हणायचे. दिवस मावळताना गाजरं कच्चीच होती. साडूंनी ती तशीच पुरणाच्या चाळणीतून घासली, आणि पांढरट पिवळं ते पाणी बघून त्यांचा जीव कासावीस झाला. येसराच्या डब्याकडं त्यांचा हात दोनदा गेला. दोनदा त्यांनी तो मागं घेतला.

अक्कानं एक चमचा तोंडात घेतला. मग वाटी बाजूला सारून ती भिंतीकडं तोंड करून निजली. साडू दारात उभे होते. त्यांनी विचारलं नाही. बत्तीस वर्षं प्रत्येक पंगतीत विचारलेला तो प्रश्न त्यांच्या तोंडातून निघाला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, सकाळी वजन करायला न्यायचं का? का ऱ्हाऊ द्यायचं दोन दिस?"

मी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तयारी. तीन गाजरं चिरताना आमची चर्चा चालू होती की वायर नीट बसली नसावी, तर नाना म्हणत होते खाली चार निखारे सरकवून बघू. तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला. तोंड नीट हलत नव्हतं, पण शब्द कळत होते.

"आवो, तो वैल हाय."

आम्ही तिघं दाराकडं वळलो.

"चुलीच्या मागचा, नुसत्या धगीचा वैल. भाकरी झाल्यावर त्याच्यावर गाडगं ठिवायचं आन रानात जायचं. आल्यावर शिजलेलं असतंय. वैलावरचं कुनी उघडून बगतं का?" मग म्हणाली, "तुमी बाहीर जावा. तिगंबी."

चुलवणाला वैल नसतो, त्यामुळं साडूंना तो आठवायचं कारण नव्हतं. भूगोलातही तो नाही. आम्ही झाकण लावलं आणि रानात गेलो. करायला काही नव्हतं. तुरीच्या बांधावर ओळीनं बसलो आणि घराच्या पत्र्याकडं बघत राहिलो. नाना सवयीनं काटक्या गोळा करत होते आणि मग आठवण झाली की टाकून देत होते. दुपार कलल्यावर साडूंनी विचारलं, "मास्तर, तिला आवडतं काय?"

"कुणाला?"

"हिला. खायाला."

मी विचार केला. इतकी वर्षं येऊनजाऊन तिच्या हातचं खाऊन मला माहीत नव्हतं, बत्तीस वर्षं खाऊन यांनाही नव्हतं. नाना म्हणाले, "वयनी सगळंच खात असतील की." ते उत्तर तिघांनाही बरं वाटलं नाही. मी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "अक्का काही मागतच नाही कधी. पण लहानपणी दुधावरची साय काढून तिला मीठ लावून द्यायची आई. ती एकटीच खायची तसली खारी साय. कावून, काय झालं?"

मी "समजलं" म्हणालो. या वेळी समजलं होतं.

घरी आलो तेव्हा झाकणाखाली गाजर बोट लावताच दबत होतं. चाळणीतून सगळं रेशमासारखं उतरलं. म्हशीच्या दुधाची जाड साय साडूंनी रवीनं फेटून त्यात सोडली. मग चिमटीत मीठ घेतलं आणि थांबले. हजारांचा हिशेब चालवणारी ती चिमूट हवेत तशीच राहिली. कानाला काही ऐकू येत नव्हतं. आणि मग आमच्या साडूंनी, मी कधी पाहिली नव्हती अशी गोष्ट केली. बोट बुडवून चाखलं. थोडं मीठ टाकलं, पुन्हा चाखलं. नाना तोंड फिरवून उभे राहिले.

अक्कानं पहिला चमचा घेतला, तोंडात धरला आणि त्यांच्याकडं पाहिलं. वाटी संपायला बराच वेळ गेला. साडू कॉटच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभे होते.

"पुरलं का?"

अक्कानं वाटी पुढं केली. "वाढा की."

पुढं वजन चढलं, नळीची वेळ आली नाही. आता ती भाकरी कुस्करून खाते, तिखट मात्र अजून सोसत नाही. परवा चौसाळ्याजवळच्या एका लग्नात मी चुलवणापाशी गेलो, तर नैवेद्य निघाला आणि पहिली पंगत बसायच्या आत साडूंनी एक लहान डबा येसराच्या आमटीनं भरून बाजूला ठेवला. मी म्हणालो, साडूभाऊ, हे अक्कासाठी? तिला चालत नाही ना. ते म्हणाले, न्हाई चालत, नुसता वास घेती आन झाकण लावती. मग कशाला नेता, मी विचारलं.

ते मांडवाच्या तोंडाकडं बघत राहिले. माणसं येत होती.

"ही पंगतीत मोजायचीच ऱ्हायलती मास्तर," ते म्हणाले. "आता मोजलीया. आता कमी न्हाई करता येत."