काळ्याभोर डोळ्यांची पारख

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका दुसऱ्याच्या डोळ्यांत बघणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात झाला नाही. कोरेगावच्या त्यांच्या दारात पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या पुढं येण्याआधी हे त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवत. तरुणपणी ते पलटणीच्या इस्पितळात मलमपट्टी करायला होते. तिथं डोळ्याच्या कॅन्सरनं एक गोरा कप्तान गेला, तेव्हा साहेब डॉक्टर म्हणाला, की हा रोग आम्हा निळ्या-घाऱ्या डोळ्यांच्या लोकांना जास्त, तुम्हा काळ्या डोळ्यांच्यांना क्वचितच. पेन्शनीबरोबर एवढं एक वाक्य घेऊन ते गावी आले आणि त्याचं शास्त्र करून बसले. 'क्वचितच' हा शब्द मात्र वाटेत कुठंतरी गळाला.

पोरासाठी मुली बघायला निघाले तेव्हा तर कहर झाला. विट्याची एक मुलगी, घराणं चांगलं, नाकीडोळी नीटस, पण डोळे घारे. हे चहाची बशी तशीच ठेवून उठले. आमच्याकडं आले तेव्हा ताईला ना स्वयंपाकाचं विचारलं, ना नाव. अंगणात उन्हात उभी करून निरखून पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "काळंभोर हायत. हितं त्यो रोग शिरायचा न्हाई. फोडा सुपारी!" ताई हे सांगून सांगून हसायची.

तिला मुलगी झाली, तीही काळ्याभोर डोळ्यांची. पोर चालायला-बोलायला लागली आणि दिवेलागणीला कंदील जवळ आणला, की तिचा एक डोळा मांजराच्या डोळ्यासारखा पांढरट चमकायला लागला. ताई घाबरली. सासरे नातीला मांडीवर घेऊन हसले. "लय भितीस गं सूनबाई. काळा डोळा हाय, त्याचं त्येज हाय ते." मग रोज संध्याकाळी कंदील धरून ते तेज शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचे. त्यांच्या शब्दापुढं घरात कोण बोलणार? डोळा सुजून पुढं आला, तेव्हा कुठं पोरीला मिरजेला नेलं. मीही बरोबर होतो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचा साहेब खोटं बोलला नाही," ते म्हणाले, "पण ते मोठ्या माणसांच्या रोगाचं. लहान पोरांना होतो तो वेगळा, तो काळा-गोरा बघत नाही. डोळा चमकायला लागला तेव्हाच आणली असती, तर निदान पोर वाचली असती."

सासरे भिंतीला टेकून खालीच बसले. "म्या रोज कंदील धरून बगत हुतो की वो," एवढंच म्हणाले. दिवाळीच्या आत पोर गेली. आमच्या घरात त्या वर्षी कुणाला दिवा लावावासा वाटला नाही.

पुढं ताईला मुलगा झाला. मी बारशाला गेलो, तर सासऱ्यांनी तांब्या पुढं केला आणि माझ्या पायांकडं बघत खुशाली विचारली. संध्याकाळी ताईनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कंदील जवळ केला. "मामंजी, बगा की."

त्यांनी डोळे गच्च मिटले. "तूच बग, सूनबाई. माज्या बगण्यानं एक गेली."

ताईनं बाळाचे दोन्ही डोळे नीट पाहिले. "काय न्हाई, मामंजी," ती म्हणाली. तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसता बाळाच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी अंगणात मुद्दाम उन्हाकडं तोंड करून उभा राहिलो. त्यांनी येऊन माझी हनुवटी धरावी, असं फार वाटत होतं. ते आले, हात जोडले, आणि माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "या पावणं."