आत राहिलेला एक जण

साजगावच्या एका कारखान्यातल्या हजेरीच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. कित्येक महिने एकच तक्रार यायची: कार्ड दाखवलं की मशीन विचारात पडतं आणि गेटवर रांग लागते. एका रविवारी, कारखाना बंद असताना, मी कर्जतहून गेले. आवारात फक्त मी आणि गेटवरचे काका.

डेटाबेसला कोणता प्रश्न किती वेळा विचारला जातो आणि उत्तराला किती वेळ लागतो, याची यादी मी काढली. सगळ्यात सावकाश निघाला महिन्याचा अहवाल; पण तो चालायचा महिन्यातून एकदाच. मग प्रत्येकाचा दिवसभरातला एकूण वेळ लावून पाहिला. तेव्हा वर आला एक साधा प्रश्न, गेटवरचा बोर्ड दर पाच सेकंदांनी विचारायचा तो: आत्ता आत कोण आहे?

उत्तरासाठी तो सगळ्यात आधी आत गेलेल्या, अजून बाहेर न पडलेल्या माणसापासून पुढची प्रत्येक नोंद वाचत होता. तो माणूस दोन वर्षांपूर्वी आत गेला होता. फिटर. बाहेर पडल्याच्या वेळेची जागा रिकामी.

मी गेटवर गेले आणि काकांना त्या फिटरबद्दल विचारलं. बोर्डावर आकडा होता तीन.

“शेडच्या पत्र्यावरून पडला तो,” काका म्हणाले. “आमच्या कडावचाच. जागच्या जागी गेला.”

“बोर्डावर एक जास्त दिसतो, हे तुम्हाला माहीत होतं?”

“रोज बघतो. सांगितलं नाय कुणाला. कार्ड त्याच्या खिशातच ऱ्हायलं, मशीनला कोण दाखवणार?”

मॅनेजरना फोन केला. “टाका कुठलीही वेळ,” ते म्हणाले. मला टाकवेना.

“काका, त्याला बाहेर कधी नेलं?”

“साडेअकराला. फाटक मीच उघडलं.”

लॅपटॉपवर साडेअकरा लिहिलं आणि हात थांबला. ज्याला कधी पाहिलंही नव्हतं, त्याला मी बाहेर काढत होते. शेवटी बटण दाबलं. उत्तर तत्क्षणी आलं. पुन्हा कुणाची नोंद अशी राहिली तरी अडू नये म्हणून प्रश्नही नव्यानं लिहिला.

बोर्डावर दोन आलं. काका आकड्याकडे बघत राहिले. मग काठी उचलून शेडकडे निघाले.

“कुठं निघालात?”

“बघून येतो, आत कोण हाय का.”

भर दुपार होती, तरी ते परत येईपर्यंत मला शेडकडे पाठ करून बसवेना. ते आले, आणि बोर्डावरचा दोनचा आकडा पुन्हा एकदा बघून त्यांनी फाटकाला कडी घातली.