मार्गारेटचं ताट

इंग्लंडच्या राजाच्या चांदीच्या ताटावर देवनागरीत नाव घालून आणणारी माझी आई बहुधा पहिलीच.

ताट शेजारच्या मार्गारेटचं. तिचे आजोबा राजवाड्यात वाढपी होते. निवृत्त होताना त्यांना राजवाड्यातलं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं जुनं ताट बक्षीस मिळालं. दोन हजार सहाच्या जानेवारीत ती लेकीकडे स्पेनला निघाली, तेव्हा चोरांच्या भीतीने ते आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी ठेवून गेली. कडेला द्राक्षांचे घोस, पानांची शीर न् शीर कोरलेली, खाली सिंहाच्या पंजांचे पाय (ताटाला कुठे जायचं होतं कोण जाणे!), आणि मधोमध मुकुट व राजाची आद्याक्षरं.

पुण्याहून आलेल्या आईने विचारलं, "ही अक्षरं कसली?"

"राजाचं नाव. आपण नाही का भांड्यांवर घालत? तेच, फक्त वर मुकुट."

"तो राजा आहे अजून?"

"केव्हाच गेला."

"मग आता ताट कुणाचं?"

"मार्गारेटचं," असं सांगून मी निर्धास्तपणे ऑफिसला गेलो.

शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. एवढ्या बायका येणार, भांड्यांची अदलाबदल होणार, आणि परक्याची ठेव नेमकी कुणाच्या तरी पिशवीतून जाणार, असा आईचा हिशेब. तिने हाय स्ट्रीटवर बूट शिवणारा, किल्ल्या करणारा आणि ट्रॉफ्यांवर नावं कोरणारा माणूस गाठला. कागदावर अक्षरं लिहून दिली. त्याने ती इमानदारीने उतरवली. मुकुटाच्या बरोब्बर खाली, ठसठशीत: मार्गारेट.

मी ओरडलो, "आई, दोनशे वर्षांचं आहे ते!"

"नशीब समज, इतकी वर्षं हरवलं नाही."

मार्गारेट परतेपर्यंत मी माफीचं भाषण पाठ केलं. बायकोने घर विकून नॉटिंगहॅमला जायचं सुचवलं. शेवटी ताट घेऊन गेलो. मार्गारेटने चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे काय लिहिलंय?"

"तुमचं नाव. आईने घालून आणलं," मी कसाबसा म्हणालो. भाषण साफ विसरलो होतो.

ती म्हणाली, "आजोबांनी जन्मभर असली ताटं वाहिली, घासली. त्यांचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही. तुझ्या आईंना विचार ना, ते घालता येईल का?"

त्यानंतर आईचा व्हिसा संपेपर्यंत दर शनिवारी दोघी चमचे, चिमटे, चहाची किटली घेऊन त्या दुकानात. आजोबा झाले, लेक झाली, नातवंडं झाली, मांजरही झालं! मी बाहेर डबल यलो लाइनवर, म्हणजे गाडी थांबवायला सक्त मनाई तिथेच, गाडीत. एवढ्या सगळ्या खटाटोपात माझं नाव फक्त एकाच ठिकाणी उमटलं: कौन्सिलच्या दंडाच्या नोटिशीवर.